लाल काठीवाल्या बायका: युरोपातल्या प्लेगवरच्या चार रविवारच्या वर्गाबद्दल

मी ३४ वर्षं स्टाफ नर्सची नोकरी केली, त्यातली ११ वर्षं साथीच्या आजारांच्या वॉर्डात. २०२० ची पहिली लाट पूर्ण ड्युटीवर काढली आणि दोन वर्षांनी रिटायर झाले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिलंय ते एका सिस्टरच्या नजरेनं बघितलेलं आहे. इतिहास शिकलेल्या माणसाला हाच वर्ग वेगळा दिसू शकेल.

जुलैच्या चारही रविवारी दुपारी ४ ते ६.३० सदाशिव पेठेत हा अभ्यासवर्ग झाला. विषय असा, की १५व्या ते १८व्या शतकात युरोपात प्लेग आला की गावाचं, शहराचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काय व्हायचं. फी १,४०० रुपये, त्यात मध्यंतराचा चहा आणि दर वेळी छापील कागद. भाचीनं फॉर्म भरून दिला नसता तर मला कळलंही नसतं. आयोजकांचं नाव इथे देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना स्वतंत्रपणे लिहून दिल्या आहेत. पेठेत ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना जागा सहज सापडेल.

सर निवृत्त प्राध्यापक. आवाज बारीक, पण मराठी इतकं स्वच्छ की कागद न बघता तासभर बोलतात आणि ऐकणारा हलत नाही. पहिल्या वर्गात त्यांनी आजाराचीच ओळख करून दिली. मी मुद्दाम कान टवकारून बसले होते, कारण वैद्यकीय भाग आला की बहुतेक वक्ते घसरतात. सर घसरले नाहीत. उंदराच्या अंगावरच्या पिसवा, जांघेत किंवा काखेत येणारी गाठ, फणफणून ताप, उपचार नसले तर निम्म्याहून जास्त रोगी दगावणं, आणि छातीतला प्लेग झाला तर खोकल्यातून थेट दुसऱ्याला लागण, हे सगळं बरोबर सांगितलं. १८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिननं जंतू शोधला आणि १८९८ मध्ये सिमोंनं पिसवेचा धागा आपल्या मुंबई-कराची भागातच जुळवला. म्हणजे ज्या काळाबद्दल आम्ही शिकायला बसलो होतो, त्या काळात यातलं एक अक्षरही कुणाला ठाऊक नव्हतं. हवा नासते, कपड्यांना विष चिकटतं, देव कोपतो, इतकंच ठाऊक. लंडनमध्ये १६६५ साली कुत्री-मांजरं मारायचा हुकूम निघाला. मांजरं मारली! हे ऐकून माझ्या शेजारच्या आजी चटकन म्हणाल्या, "आमच्याकडे घरात उंदीर पडायला लागले की माणसं चूल-बोळकी घेऊन माळावर झोपड्या बांधायची." सरांनी ते फळ्यावर लिहून घेतलं. ही त्यांची पद्धत मला फार आवडली.

पहिल्या वर्गाचा शेवटचा अर्धा तास मात्र चोचीवाल्या डॉक्टरांच्या चित्रांवर गेला. तो मुखवटा १७व्या शतकातला, फ्रान्सचा राजवैद्य शार्ल द लोर्म याच्या नावावर सांगतात. चोचीत वासाच्या वनस्पती भरायच्या, अंगात मेणकापडाचा झगा. चित्रं छान आहेत, पण अर्धा तास? डॉक्टरचा पोशाख सगळ्यांनी आधीच कुठे ना कुठे पाहिलेला असतो. त्या घरात रात्रभर रोग्यापाशी कोण बसायचं, हे मला हवं होतं, आणि त्याची वाट मला दुसऱ्या रविवारपर्यंत बघावी लागली.

दुसरा रविवार लंडनचा. याच एका वर्गासाठी मी १,४०० रुपये परत भरीन.

पाऊस मुसळधार होता, निम्मेच लोक आले होते. सरांनी प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. लंडनमध्ये दर गुरुवारी शहरातल्या मृत्यूंचं पत्रक छापून निघायचं आणि एका पेनीला विकलं जायचं, त्याची ही प्रत. १६६५ सालच्या १२ ते १९ सप्टेंबरच्या आठवड्याची. सरांनी शेजारी मराठी अर्थ टाइप करून दिले होते. आधी वाटलं, आकडेच तर आहेत. मग वाचायला लागले.

म्हातारपण ४३. बाळंतपण ४२. क्षय १३४. ताप ३०९. दात १२१. दात म्हणजे दात येण्याच्या वयात गेलेली तान्ही मुलं, हे मला सरांनी सांगावं लागलं नाही. दु:ख ३. भीती ३. अंथरुणात मेणबत्तीनं भाजून १. चर्चच्या घंटाघरातून पडून १. आणि या रांगेत इतर सगळ्यांसारख्याच बारीक अक्षरात: प्लेग ७,१६५. त्या आठवड्यातले एकूण मृत्यू ८,२९७. शहरात १३० पॅरिश होते, पॅरिश म्हणजे आपल्या पेठाच म्हणा, त्यातल्या १२६ मध्ये प्लेग शिरलेला आणि ४ फक्त कोऱ्या. सगळ्यात खाली एका पेनीला गव्हाचा पाव किती वजनाचा मिळायला हवा त्याचा सरकारी दर: साडेनऊ औंस. शहर मरतंय आणि पावाचं वजन ठरवून दिलंय. तो शेवटचा आकडा बघून मला २०२० चा एप्रिल जसाच्या तसा आठवला. वॉर्डातली माणसं जात होती आणि कुणीतरी शांतपणे ऑक्सिजनच्या सिलिंडरची नोंदवही भरत होतं. ती नोंदवही भरणारं माणूस नसतं तर काय झालं असतं, हे ज्यांनी भरली त्यांनाच माहीत.

मी वर हात केला आणि विचारलं, "सर, हे मोजलं कुणी? ताप ३०९ आणि प्लेग ७,१६५, हा फरक केला कुणी? डॉक्टरांनी?"

सर म्हणाले, "नाही. बायकांनी."

प्रत्येक पॅरिशमध्ये अशा बायका नेमलेल्या असायच्या. वयस्कर, गरीब, पुष्कळशा विधवा. कुणाच्या घरी मृत्यू झाला की घंटा वाजायची आणि यांनी जाऊन प्रेत बघायचं, अंगावर गाठी आहेत का, डाग आहेत का, आणि कारण सांगायचं. मृतदेहामागे काही पेन्स मजुरी. त्यांच्या हातात तीन फुटांची लाल काठी, उघड दिसेल अशी धरलेली, म्हणजे रस्त्यातल्या माणसांनी बाजूला व्हावं. १६६५ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं, की या बाईनं साथीच्या काळात दुसरं काम करायचं नाही, दुकान किंवा गाळा चालवायचा नाही, कुणाचे कपडे धुवायचे नाहीत. ज्या दारावर फूटभर लांबीचा तांबडा क्रूस आणि 'देवा, आमच्यावर दया कर' हे शब्द लिहिलेले, ज्या घरात माणसं ४० दिवस बाहेरून बंद आणि दाराशी रात्रंदिवस पहारेकरी, त्या घरात आत-बाहेर करायची मुभा असलेली ही एक बाई. दुसरी, आत रोग्याची सेवा करणारी सेविका. तिच्यासाठीही नियम होता. रोगी गेल्यानंतर २८ दिवसांच्या आत ती दुसऱ्या कुठल्या घरी राहायला गेली, तर तेही घर २८ दिवस पुरे होईपर्यंत बंद करायचं. म्हणजे तिला कोण दारात उभं करणार?

हे ऐकताना मला माझी लिफ्ट आठवली. मे २०२० मध्ये आमच्या सोसायटीत कागद लागला होता, की हॉस्पिटलात काम करणाऱ्या रहिवाशांनी लिफ्ट वापरू नये. सोसायटीत तशी मी एकटीच होते. बारा तासांची ड्युटी करून, त्या पीपीई किटमध्ये अंगातलं पाणी निथळून गेल्यावर, पाचव्या मजल्यापर्यंत जिना चढायचा. कुणाशी भांडले नाही. पण तो कागद मी काढून जपून ठेवला आहे. लाल काठीचा नियम ऐकला तेव्हा पहिल्यांदा त्या कागदाबद्दल चारचौघांत बोलले. हॉल गप्प झाला. सर म्हणाले, "सिस्टर, तो कागद टाकू नका. तोही एक पत्रकच आहे."

या बायकांबद्दल सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जॉन ग्राँट नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्यानं १६६२ मध्ये या पत्रकांचा अभ्यास करून पुस्तक लिहिलं, आजचं लोकसंख्येचं शास्त्र त्याच्यापासून मोजतात. त्यानं या म्हाताऱ्यांवर ताशेरे मारलेत, की पेलाभर दारू आणि दुप्पट मजुरी मिळाली की यांना क्षय आणि गरमी, म्हणजे गुप्तरोग, यांतला फरक कळेनासा होतो. असेलही तसं. घर बंद होऊ नये म्हणून लोक हात ओले करत असतील, आणि चार पेन्सवर जगणारी बाई घेतही असेल. पण मृत्यूच्या कारणांचा ग्राँटचा एकूण एक आकडा याच बायकांच्या डोळ्यांतून आलेला आहे. त्यांनी प्रेताजवळ वाकून बघितलं नसतं तर त्याच्याकडे मांडायला काय होतं? १६६५ च्या पत्रकांत प्लेगचे ६८,५९६ मृत्यू नोंदलेले आहेत. लपवलेले धरले तर खरा आकडा त्याहून बराच मोठा, असं इतिहासकार मानतात. त्यातल्या प्रत्येक नोंदीमागे कुणीतरी आत जाऊन चादर उचललेली आहे. मी स्वतः कितीतरी चादरी उचलल्यात, त्यामुळे ग्राँटचं ते वाक्य मला अजून सलतंय.

इतकं सगळं सांगून सरांनी या बायकांना दिला किती वेळ? घड्याळ बघितलं होतं, जेमतेम पंधरा मिनिटं, तीही मी विचारलं म्हणून. चोचीला अर्धा तास आणि लाल काठीला पंधरा मिनिटं. ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार.

तिसरा वर्ग इटलीचा. तो नेमका जुलैच्या तिसऱ्या रविवारी आला आणि सरांनी सुरुवातच तिथून केली. आज व्हेनिसमध्ये रेदेन्तोरेचा सण असतो. १५७५ ते १५७७ च्या साथीत तिथली चौथा हिस्सा माणसं गेली, जवळपास ५०,०००. तेव्हा शहरानं नवस बोलला, पलाडिओ या वास्तुकाराकडून चर्च बांधून घेतलं, आणि तिथं जायला आजही या दिवसांत पाण्यावर पूल टाकतात. व्हेनिसनं १४२३ मध्येच एका बेटावर प्लेगचं कायमचं रुग्णालय काढलं होतं, १४६८ मध्ये दुसऱ्या बेटावर संशयित जहाजांची माणसं आणि माल अडवून ठेवायची सोय. त्याच्याही आधी १३७७ मध्ये रगूसानं, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकनं, येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर ठेवायचा नियम केला. तीसाचे चाळीस झाले आणि इटालियन चाळीसवरून 'क्वारंटाइन' आला. हा भाग सरांनी भरभर उरकला, आणि ते ठीकच झालं, तो कुठेही वाचायला मिळतो.

फ्लॉरेन्सचं मात्र नवीन होतं. १६३१ च्या जानेवारीत तिथं शहरभर ४० दिवसांची बंदी लागली आणि गोरगरिबांना घरात कोंडल्यावर त्यांचं पोट भरायची जबाबदारी आरोग्य मंडळानं घेतली. हजारो लोकांना रोज पाव आणि वाइन, ठरल्या वारांना मांस, ठरल्या वारांना भात आणि चीज. खिडकीतून टोपली खाली सोडायची आणि शिधा वर ओढून घ्यायचा. वार लावून दिलेला शिधा ऐकला आणि मी मनात हिशेब केला: एका माणसाला दिवसाला किती, एका गल्लीत किती टोपल्या, पहाटे किती वाजता भट्टी पेटवली असेल. विलगीकरण केंद्रात डबे वाटताना आम्ही हेच करायचो. शंभर डबे म्हणजे शंभर, नव्व्याण्णव आले तर एक जण उपाशी, आणि तो खालून ओरडून सांगणार. फ्लॉरेन्समध्ये साधारण आठातला एक माणूस गेला. इटलीतल्या इतर काही शहरांपेक्षा हे प्रमाण बरंच कमी होतं. शिध्यामुळेच कमी राहिलं असं सर म्हणाले नाहीत, आणि त्यांनी तसं ठोकून दिलं नाही म्हणून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. तिथंही बंदी मोडणाऱ्यांवर खटले झाले, एकमेकींकडे जाऊन नाचल्या म्हणून पोरींना पकडलं.

मग मिलान. तो भाग ऐकून रात्री झोप लागली नाही.

२१ जून १६३०, सकाळ, पाऊस. कातेरिना रोझा नावाची बाई खिडकीत उभी होती. खाली गल्लीत एक माणूस भिंतीच्या कडेकडेनं चाललेला, हातात कागद, मधे थांबून काहीतरी लिहितोय, आणि मधेच भिंतीला हात पुसतोय. बाईनं ठरवलं, हा भिंतीला प्लेगचं विष फासतोय. बातमी पसरली. तो माणूस होता गुल्येल्मो पियात्सा, आरोग्य खात्याचाच कर्मचारी. बोटांना शाई लागली असेल. त्याला धरलं, हाल हाल केले, आणि सुटका होईल या आशेनं त्यानं एक नाव घेतलं: जान जाकोमो मोरा, न्हावी, जो प्लेगवर मलम करून विकायचा. घरात मलमाची भांडी सापडली, मग काय. १ ऑगस्टला दोघांना भयंकर यातना देऊन मारलं. मोराचं घर जमीनदोस्त करून तिथं निंदेचा खांब उभा केला, पुन्हा तिथं कुणी बांधू नये म्हणून. तो १७७८ पर्यंत उभा होता. म्हणजे १४८ वर्षं येणारी-जाणारी पोरं तो खांब बघून शिकली, की इथं एक विष फासणारा राहायचा.

मला त्या माणसाच्या हातातला कागद दिसत राहिला. आमच्या आशाताई असाच कागद घेऊन फिरायच्या. घरात किती माणसं, कुणाला ताप, ऑक्सिजन किती. एका वस्तीत एकीला बायकांनी घेरलं, "तुम्हीच घरोघरी आजार घेऊन फिरता" म्हणाल्या. तिच्या हातातलं रजिस्टर चिखलात पडलं. ती रडत वॉर्डात आली, आम्ही तिला चहा दिला, रजिस्टरची पानं पंख्याखाली वाळवली, दुसऱ्या दिवशी ती परत त्याच वस्तीत गेली. चारशे वर्षांत काय बदललं ते मला इथं दिसतं: तिला परत पाठवताना सोबत दोन माणसं होती, आणि वस्तीतल्याच एका म्हाताऱ्या काकांनी दार उघडून तिला बसायला खुर्ची दिली.

चौथा वर्ग बिघडला. सव्वाचारला वीज गेली, प्रोजेक्टर बंद, अर्धा तास नुसता गेला. त्यात ईम आणि फ्रान्सचं बंदर मार्सेय दोन्ही बसवायची होती. ईम हे इंग्लंडच्या डर्बीशरमधलं गाव. १६६५ च्या सप्टेंबरमध्ये लंडनहून शिंप्याकडे कापडाची पेटी आली, ती उघडणारा माणूस आधी गेला, आणि पुढच्या जूनमध्ये गावानं पाद्री मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून स्वतःभोवती सीमा आखून घेतली. बाहेरचे लोक सीमेवर अन्न ठेवायचे, हे लोक व्हिनेगरमध्ये नाणी ठेवायचे. २६० माणसं गेली. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईनं आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातानं पुरली. सरांनी हे गावाच्या त्यागाची गोष्ट म्हणून सांगितलं आणि सांगताना त्यांचा गळा भरून आला. मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलीनं विचारलं, की पाद्र्याची मुलं कुठे होती? सरांनी सरळ उत्तर दिलं: आधीच बाहेर पाठवली होती. बायको मात्र राहिली आणि ऑगस्टमध्ये गेली. मला यात दोष दिसत नाही. मीही मार्च २०२० मध्ये मुलीला नाशिकला पाठवलं होतं. पण हे सांगितलं पाहिजे, आणि विचारल्याशिवाय सांगितलं पाहिजे.

मार्सेयला वीस मिनिटं मिळाली. १७२० चं जहाज, प्रवासातच मेलेले खलाशी, मालात नगरप्रमुखाची भागीदारी, जत्रेला कापड पोचवायची घाई, आणि मग निम्मं शहर साफ. प्रेतं उचलायला गलबतांवरचे कैदी लावले. कैद्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला मी हात वर केला तर वेळ संपली होती.

पुणेकरांच्या वर्गात रँड निघणार नाही असं होत नाही. शेवटच्या चर्चेत पाऊण तास गणेशखिंड, सोल्जरांच्या झडत्या, २२ जून १८९७ यावरच गेला. मला त्याचा राग नाही, ती आपली जखम आहे. तरी मला वाटतं त्या पाऊण तासातली पाच मिनिटं सावित्रीबाईंना मिळायला हवी होती. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, त्या प्लेगनंच गेल्या. आमच्या ड्युटीरूममध्ये त्यांचा फोटो होता, त्याला हार घालण्याआधी आम्ही रोज हात धुवायचो.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिन्याचा कठडा फक्त डाव्या हाताला. साठीपुढच्या लोकांसाठी वर्ग ठेवताना हे चालणार नाही, तसं मी लिहून दिलंय. रेकॉर्डिंग देऊ म्हणाले होते, अजून आलेलं नाही. चहा उत्तम. छापील कागद जपून ठेवण्यासारखे, सरांनी स्वतः टाइप केलेले. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. सरांना मी फोन केला होता, लाल काठीवाल्या बायकांवर पूर्ण एक वर्ग घ्या म्हणून. ते म्हणाले, "घेतो, पण दुसऱ्या अर्ध्या तासाला तुम्ही बोलायचं." मी हो म्हटलंय. लिफ्टचा तो कागद लॅमिनेट करायला टाकलाय.